खुर्ची कुणी उचलली?

‘‘ताई, ही सही रिडेव्हलपमेंटची तर नाही ना?’’

हा प्रश्न मी माझ्या कामात इतक्यांदा ऐकलाय, की आता झोपेत कुणी विचारलं तरी ‘नाही हो, अभ्यासाची आहे’ असं तोंडून निघेल. काळाचौकी असो, घोडपदेव असो, परळ असो, कागद पुढे केला की समोरच्याचा चेहरा बदलायचा. आमच्या भागात सही मागायला येतो तो बिल्डरचा माणूस. त्यात माझ्याबरोबर गोरी बाई, हाना, तिच्या गळ्यात कॅमेरा. मग काय, चाळभर बोंब, की टॉवरचं काम परदेशी कंपनीने घेतलं! घोडपदेवच्या एका आजोबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि हानाला थेट विचारलं, ‘‘मॅडम, किती फुटांची खोली देणार?’’ मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हाना बिचारी म्हणाली, ‘‘त्यांना सांग, मी फक्त त्यांच्या देवाबद्दल विचारायला आलेय.’’ आजोबा म्हणाले, ‘‘बरं. मग देवाची खोली वेगळी धरा.’’

तर मी दुभाषी. हा धंदा लोकांना कळत नाही, म्हणून आधी तो सांगते. परदेशातले प्राध्यापक इथे येतात. धर्म आणि राजकारण या दोघांचं आपापसात काय चालतं, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना गणपतीचं मंडळ बघायचं असतं, विहार बघायचा असतो, पक्षाची शाखा बघायची असते, आणि मराठी तर येत नसते. मग ते आणि इथला माणूस यांच्या मधे मी बसायची. त्यांचा प्रश्न मराठीत करायचा, याचं उत्तर इंग्रजीत करायचं. नंतर घरी बसून सगळं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन्‌शब्द उतरवून काढायचा. माझ्या आईला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही मालवणकडचे, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आई म्हणायची, ‘‘लोकांच्या घरात जावन तेंचो देव इचारतंस, आणि घरच्या देवाक फूल घालूक तुका येळ गावणा नाय!’’

ज्या मोठ्या प्रकल्पात मी होते, तो तिघांचा होता. जर्मनीतलं एक विद्यापीठ, इंग्लंडातलं एक, आणि मुंबईतली आमची संस्था. याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांना सगळं पटायचं आणि ईमेलवर कुणालाच काही पटायचं नाही. आमच्या संस्थेचे सर शांत स्वभावाचे, भांडण नको म्हणून निम्म्या गोष्टी सोडून देणारे. हाना जर्मनीची. तरुण, उंच, घामाने लाल झालेली, पण वडापाव उभ्याने खाणारी आणि चाळीच्या जिन्यात चप्पल न सांगता काढणारी. मला ती आवडायची, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते वाचून तिला शिव्या घालाल, म्हणून.

या धंद्याचा नियम मला सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. दुभाष्याने पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं झाकायचं नाही. बोलणारा शिवी देईल तर शिवी सांगायची. कफ परेडच्या मच्छीमार नगरात इंग्लंडचे एक प्रोफेसर सुकत घातलेल्या बोंबलांसमोर उभं राहून वहीत लिहीत होते. तिथली बाई कडाडली, ‘‘या मेल्याला सांग, मासे घे नायतर बाजूला हो. सावली पाडतोय माझ्या मालावर!’’ मी सगळं सांगितलं, ‘मेल्या’सकट. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, हा पूर्वजांशी संबंधित काही विधी आहे का? मी म्हटलं, नाही, तुमच्याशीच संबंधित आहे.

काळाचौकीच्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याला त्याच प्रोफेसरांनी विचारलं होतं, की तुमचा उत्सव धार्मिक की राजकीय? तो पोरगा डोकं खाजवत म्हणाला, ‘‘साहेब, मूर्ती आणतो तेव्हा धर्म. मंडप घालतो तेव्हा राजकारण. कारण मंडपाला परवानगी लागते ना.’’ प्रोफेसरांच्या व्याख्यानात हे वाक्य पुढे किती वर्षं फिरत होतं. पोरग्याला पत्ताच नाही.

खरं सांगायचं तर मला हे खटकायचं. बोलतो एक, मिरवतो दुसरा. पण खटकणं माझ्या कामात बसत नव्हतं. मी सांगत राहायची.

आता सुजाताबाईंचं सांगते. बाकी सगळं मी त्यांच्यापर्यंत पोचायला लिहिलंय.

सुजाताबाई परळच्या एका चाळीत राहायच्या, पालिकेच्या रुग्णालयात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. बौद्ध कुटुंब, मूळचं रत्नागिरीकडचं, सासरे गिरणीत. ठेंगण्या, काटक, पांढरी साडी निळ्या काठाची, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की नळावरची भांडी थांबायची. विहाराच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. हाना आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आम्हांला ‘जयभीम’ केला आणि मला विचारलं, ‘‘चहा घेणार?’’ मी हो म्हटलं. आडनाव विचारलं, मी परब सांगितलं. तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘घेणार ना नक्की चहा?’’ दुसऱ्यांदा का विचारलं ते हानाला कळलं नाही. मला कळलं, आणि लाजही वाटली, माझ्या आडनावाची नव्हे, त्या प्रश्नाची गरज अजून पडते याची. मी म्हटलं, ‘‘साखर जरा जास्त घाला.’’ तिथून आमचं जमलं.

त्या चाळीत लहान पोरालाही माहीत असलेली एक गोष्ट म्हणजे खुर्चीची. निवडणुकीचे दिवस होते. एक उमेदवार विहारात वंदनेला येणार म्हणून त्याची माणसं पुढे आली आणि बुद्धाच्या मूर्तीसमोर ऐन मध्यावर लाल मखमलीची भली थोरली खुर्ची मांडून बसली. सुजाताबाई म्हणाल्या, ‘‘इथे सगळे खाली बसतात.’’ ते म्हणाले, ‘‘आजी, साहेबांचे गुडघे दुखतात.’’ ‘‘माझेपण दुखतात,’’ असं म्हणून या बाईंनी ती खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली, बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली, आणि स्वतः तिच्यावर बसल्या! साहेब आले, तर दारात ही आजी पाय हलवत सिंहासनावर. साहेबांना हसू आवरलं नाही, आत जाऊन गुपचूप मांडी घालून बसले. निवडून आले की पडले ते विचारू नका, चाळीत त्यावर अजून वाद आहे.

हाना ही गोष्ट ऐकून वेडी झाली. धर्म, राजकारण, बाई, सत्ता, सगळं एका खुर्चीत! तिचा अख्खा एक धडा त्या खुर्चीवर उभा राहिला.

मग संमतीचा कागद आला. त्यात एक कलम होतं, की माहिती देणाऱ्याचं नाव पुस्तकात बदललं जाईल. उद्देश चांगला हो. धर्म आणि राजकारण म्हणजे निखारा, उद्या कुणी त्रास देऊ नये. मी कलम वाचून दाखवलं तशा सुजाताबाई ताडकन उठल्या.

‘‘कशाला बदलायचं? मी काय चोरी केली?’’

‘‘तुमच्या सुरक्षेसाठी आहे ते.’’

‘‘खुर्ची मी सगळ्यांसमोर उचलली. तेव्हा कुठे होती सुरक्षा?’’ आणि त्या आम्हां दोघींना हाताला धरून खाली विहारात घेऊन गेल्या. सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती. वरती नगरसेवकाचं नाव, टपोरं. खाली समितीची नावं, मग देणगीदार. अगदी तळाला, ‘व महिला मंडळ’. सुजाताबाईंनी त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं.

‘‘या भिंतीच्या विटा आम्ही बायकांनी सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून वाहिल्या. आमचं नाव बघ. ‘व’! घरात मी अमक्याची सून, वॉर्डात ‘ए आया’, इथे ‘व’. पाटीवर नाय आलं, निदान पुस्तकात येऊ दे. तिला सांग.’’

मी सांगितलं. हानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘आणि हे पण सांग,’’ सुजाताबाई म्हणाल्या. ‘‘माझं नाव आधीच एकदा बदललंय. जन्मल्यावर आजीने देवीवरनं ठेवलं होतं, नवसाचं. धर्मांतर झालं तेव्हा मी लहान होते. माझ्या बापाने घरातले देव टोपलीत भरले आणि दादरच्या चौपाटीवर नेऊन समुद्रात सोडले. घरी येऊन मला म्हणाला, ते नाव पण देवांबरोबर गेलं. आजपासून तू सुजाता. बुद्धाला खीर दिली ती सुजाता. ते जुनं नाव मी माझ्या नवऱ्याला पण सांगितलं नाय. तुम्हांला तर नायच सांगणार.’’

हानाने त्यांचा हात धरून कबूल केलं, की तुमचं नाव सुजाताच राहील. कागदावर तसं लिहून घेतलं, वर सुजाताबाईंच्या आवाजात रेकॉर्डही केलं. कागद मराठीतही, इंग्रजीतही. मीच केले दोन्ही. यात कुठेही गफलत नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आणि मग पुस्तक व्हायला जे वर्षांमागून वर्षं लागतात ती लागली. तिन्ही संस्थांचा पत्रव्यवहार चालला. जर्मनीवाले म्हणाले, बाई स्वतः सांगतेय तर नाव राहू दे. इंग्लंडवाले म्हणाले, नियम सगळ्यांना एक, एकाला सवलत दिली तर बाकीच्यांचं काय? मी सरांना म्हटलं, ‘‘सर, तुम्ही बोला ना. आपली माणसं आहेत.’’ सर म्हणाले, ‘‘परब, पुस्तक तर निघू दे.’’ शेवटी हानाने हट्टाने आपल्या धड्यात सुजाता ठेवलं. मग प्रकल्पाचा पैसा संपला, हानाची नोकरी गेली, तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली. छपाईच्या आधीची पानं तपासायची वेळ आली तेव्हा ती आईच्या उशाशी होती. पानं दुसऱ्याच कुणी तपासली. त्या माणसाने मुंबई कधी पाहिली नव्हती. सगळ्या धड्यांत नावं बदललेली, या एका धड्यात नाही. त्याला वाटलं चूक राहिलीय. त्याने आपल्या परीने ती सुधारली. इंग्रजी वाचकाला सहज उच्चारता येईल असं एक नाव घातलं. यात गुन्हेगार कोण ते मला आजतागायत सापडलेलं नाही. सगळे आपापल्या जागी सरळ वागले आणि वाकडं झालं.

पुस्तकाचं पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. मी ते उघडलं नाही. म्हटलं, सुजाताबाईंसमोरच उघडू. मिठाई घेतली आणि परळला गेले. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते पेन्शनच्या पासबुकावरून त्यांना ठाऊक होतं. एकेका ओळीवरून बोट फिरवत शोधत राहिल्या. पानामागून पान. मी मनात म्हणतेय, अहो, पुढे असेल. थोड्या वेळाने पुस्तक माझ्याकडे दिलं.

‘‘डोळे गेले बघ माझे. तूच वाच. खुर्चीचं वाच.’’

मला खुर्चीचं पान सापडलं. मी नेहमीच्या सवयीने इंग्रजीवर नजर ठेवून मराठीत बोलत गेले. लाल मखमल आली, गुडघे आले. आणि तोंडून निघालं, ‘‘तेव्हा लक्ष्मीने ती खुर्ची उचलली...’’

मी थांबले.

‘‘कोण लक्ष्मी?’’ सुजाताबाईंनी विचारलं.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. हुशार बाई. म्हणाल्या, ‘‘तुझं नाव आहे का त्यात?’’

पहिल्या पानांवर आभार होते. मुंबईच्या सहायक म्हणून माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर.

‘‘आहे,’’ मी म्हटलं.

‘‘खरं नाव?’’

‘‘खरं.’’

‘‘तुला नाय का लागली सुरक्षा?’’

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या. मग उठल्या, गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, ‘‘समुद्रात टाकलेलं शेवटी काठाला लागतंच बघ.’’ म्हणजे त्यांचं जुनं नाव लक्ष्मीच होतं, की देवीचं कुठलंही नाव त्यांना तसंच लागलं असतं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाला होती! मिठाईचा पुडा टेबलावर तसाच राहिला. जाताना त्यांनीच तो माझ्या पिशवीत घातला.

मी हानाला कळवलं. ती फोनवर हुंदके देऊन रडली. प्रकाशकाला पत्रं गेली, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू असं उत्तर आलं. आता तुम्हीच सांगा, असल्या जाडजूड पुस्तकाची दुसरी आवृत्ती कोण काढतं? आजही जगातल्या कुठल्या कुठल्या ग्रंथालयांत लक्ष्मी खुर्ची उचलून उभी आहे. धर्मांतरानंतर माणसं नावं का बदलतात यावर त्याच पुस्तकात एक स्वतंत्र धडा आहे. चांगला आहे हो धडा. वाचवत नाही मला.

सुजाताबाईंनी मला तोडलं नाही. मी जायची, चहा व्हायचा, साखर जास्त. पण पुस्तकाचं नाव त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. ते कपाटात साड्यांच्या खाली गेलं.

गेल्या थंडीत सुजाताबाई गेल्या. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याच सभागृहात, त्याच पाटीसमोर. फोटोला पांढऱ्या फुलांचा हार, वंदना झाली, दोघंचौघं बोलले. मग त्यांची नात करुणा, बँकेत नोकरीला आहे, ते पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. माईकवाल्याने जाहीर केलं, की आपल्या आजींची गोष्ट परदेशातल्या पुस्तकात छापून आलीय, ती परबमावशी मराठीत वाचून दाखवतील.

नाही कसं म्हणणार? उभी राहिले. समोर चाळीतली सगळी माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली. मी पान उघडलं, इंग्रजीवर नजर ठेवली, आणि बोलायला लागले. लाल मखमल. साहेबांचे गुडघे. मग ती ओळ आली. ओळीत लक्ष्मी होतं. मी म्हटलं, ‘‘तेव्हा सुजाताने ती खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली...’’

सभागृह हसलं. हसता हसता बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘आणि स्वतः बसली वर!’’ मी वाचत गेले. जिथे जिथे लक्ष्मी आलं तिथे तिथे सुजाता म्हटलं. सुजाता म्हणाली, सुजाताने विचारलं, सुजाताने ऐकलं नाही. उभ्या जन्मात मी भाषांतरात पदरचं काही घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं, आणि आवाज कुठे अडकला नाही.

कार्यक्रम संपला. करुणा पुस्तक घ्यायला आली. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी वाचत असताना ती शेजारी उभी राहून पानाकडेच बघत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘‘मावशी, पुस्तकात लक्ष्मी आहे.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तुम्ही सगळीकडे सुजाता वाचलंत.’’

‘‘हो गं.’’

तिने पुस्तक छातीशी धरलं. रागावलेली नव्हती. ‘‘आजी एवढंच म्हणाली होती, की तुम्ही खुर्चीचं वाचता वाचता थांबलात. मग त्या दिवशी आजीसमोर का नाही वाचलंत असं?’’

‘‘तिला तिचं नाव ओळखता यायचं, बाळा,’’ मी म्हटलं. ‘‘पानावर नाही हे तिने आधीच बघितलं होतं. मी खोटं वाचतेय हे तिने ओळखलं असतं.’’

‘‘ओळखलं असतं,’’ करुणा म्हणाली. ‘‘पण ऐकलं तरी असतं.’’

दारात चपलांचा ढीग पडला होता, त्यात माझ्या चपला शोधत राहिले.